डायरेक्ट तात्या

एसीचा कॉम्प्रेसर जळाल्यावर जो वास येतो ना, तो घेतला नसेल तर घेऊ नका. जळकं तेल, जळकं रबर आणि वर काहीतरी गोडसर. आम्ही तो वास आमरस-पुरीच्या पंगतीत घेतला, भर लग्नात, डोक्यावरच्या जाळ्यांमधून, थेट वाटीत. त्या दिवसापासून मला आमरस जात नाही. नुसता आंबा सोलला तरी घशाशी येतं. आणि हे ज्या माणसाने केलं तो माझा सख्खा चुलता.

सहादेव तात्या. पण देवळाली प्रवऱ्यात येऊन सहादेव कुठं राहतो असं विचारू नका, लोक तोंडाकडे बघतील. डायरेक्ट तात्या म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील.

तात्या वायरमन आहे. सरकारी नाही, सरकारी वायरमन वेगळा, तो फोन उचलत नाही. तात्या उचलतो, म्हणून तर सगळी गंमत. दहावी नापास झाल्यावर राहुरीला एका मोटर भरायच्या दुकानात राहिला, तांब्याच्या तारा गुंडाळायला शिकला, आणि तिथून जो शिवारात घुसला तो आजपर्यंत. कुठल्या विहिरीवर किती पॉवरची मोटर आहे ते त्याला पाठ. कुणाच्या पोरीचं नाव काय ते मात्र विचारू नका, माझं नाव तो अजून कधीकधी सोनल म्हणतो. मी स्नेहल आहे.

आता डायरेक्ट का, ते सांगते. आमच्याकडे शेतीच्या लाईटचा भरवसा नाही. येते, जाते, परत येते. विहिरीवर कोण बसून राहणार? म्हणून स्टार्टरला ऑटो लावतात, लाईट आली रे आली की मोटर आपली आपण सुरू. त्याच पेटीत प्रिव्हेंटर नावाची एक डबी असते. तीन फेजपैकी एखादा गेला किंवा व्होल्टेज पडलं तर ती मोटर बंद करते, जळू नये म्हणून. पण अख्ख्या शिवाराने ऑटो लावलेत. लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, आणि ती डबी मोटर चालूच होऊ देत नाही. मग शेतकरी वैतागतो. मग तात्याला फोन.

तात्या येणार, गाडी स्टँडला लावणार, डबी उघडणार. खिशात कटर असतो. चांगला, लाल मुठीचा, मी स्वतः बघितलाय. पण तात्या वायर दातांनी सोलतो! तंबाखू गालात सरकवायची, वायर दाढेत धरायची, खचकन ओढायची, प्लास्टिक थुंकायचं. शी. त्याने जोडलेल्या प्रत्येक वायरीला तंबाखूचा वास असतो. मग तो सोललेला तुकडा डबीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकायचा, म्हणजे डबी असून नसल्यासारखी. आणि हात झटकून म्हणायचं, "झाली डायरेक्ट."

मोटर चालते. ऊस भिजतो. थोड्या दिवसांनी मोटर जळते. ती जळकी मोटर भरून पण तात्याच देतो. आणि त्याला कुणी, कुणी म्हणजे कुणीच, शिव्या देत नाही!

"मोटर काय, जळायचीच," लोक म्हणतात. "उसाला पानी तर भेटलं ना?"

मी एकदा विचारलं होतं, "तात्या, ती डबी कंपनीने उगाच लावली असेल का?"

"ती डबी म्हंजी शाळंतला पीटीचा सर," तात्या म्हणाला. "कारन नसताना शिट्टी मारतो."

सगळे हसले. मी पण हसले. खोटं कशाला बोलू, माझ्या बारावीच्या परीक्षेत त्याने आमच्या घराला दोन फेज जोडून दिले होते, एक गेला की खटका खाली, दुसरा सुरू. अख्ख्या गल्लीत फक्त आमचा पंखा फिरायचा. तेव्हा मला पण तो देवच वाटायचा. तेच तर जास्त लागतं.

मग आमच्याकडे एसी हॉल आला.

आदिनाथभाऊंनी रोडच्या कडेचा ऊस मोडला आणि तिथे मंगल कार्यालय बांधलं. त्या दिवसापासून ते आदिनाथशेठ झाले. कुणी चुकून भाऊ म्हटलं की ऐकू आलं नाही असं करतात. हॉल भारी आहे, ते मान्य. छतात डक्ट, डक्टला जाळ्या, आणि गच्चीवर चार मोठाली मशिनं. गाव नुसतं गारवा घ्यायला उद्घाटनाला गेलं होतं. म्हाताऱ्या बाया शाल घेऊन बसल्या होत्या, हौसेने.

त्याच उद्घाटनात शेठनी माईकवरून एक शब्द दिला. हॉल झाडायला-पुसायला छबूबाई आहे, आमच्या आळीच्या शेवटी राहते. नवरा कारखान्यात यार्डात. छबूबाई हॉलचा पाया खोदल्यापासून तिथे आहे, आधी बांधकामावर पाणी मारायला, मग झाडायला. शेठ माईकवर म्हणाले, "आमच्या छबूबाईच्या पूजाचं लगीन ह्याच हॉलमधी हुनार. एसी लावून. बुधवारी हॉल मोकळाच असतो, कधीचीबी तारीख सांगायची." टाळ्या. छबूबाईने पदर तोंडाला लावला. ती अशी सहज लाजणारी बाई नाही, तोंडाने फाटकी आहे. पण त्या दिवशी लाजली. नंतर पूजाचं जमलं, वैशाखातला एक बुधवार ठरला, नवऱ्या मुलाकडचे कर्जतचे. छबूबाईने त्यांना काय सांगितलं असेल? एसी हॉल. सोयऱ्यांमध्ये एकच बोलबाला. फरशी पुसताना ती खाली बघतच नव्हती, वर जाळ्यांकडे बघायची. "हितं पूजी हुबी ऱ्हानार," म्हणायची, "बरोब्बर ह्या जाळीखाली. घामानं मेकप जायला नको."

मशिनं बसवायला नगरहून अनीश नावाचा इंजिनिअर आला होता. चष्मेवाला, शांत. त्याने गच्चीवरच्या पॅनलमध्ये एक रिले बसवला, त्या प्रिव्हेंटरच्याच जातीची डबी, आणि शेठना, तात्याला समजावून सांगितलं. मी तिथे होते कारण मला तात्याच्या गाडीवर कॉलेजच्या स्टॉपवर जायचं होतं.

"फेज गेला, व्होल्टेज कमी-जास्त झालं, की हा एसी बंद करेल," अनीश म्हणाला. "आणि लाईट आल्यावर लगेच चालू करणार नाही. पाच मिनिटं थांबेल. कॉम्प्रेसरमधला गॅस बसायला वेळ लागतो. दाब असताना चालू केला तर तो अडकतो, करंट ओढतो आणि जळतो. शिवाय चारही एकदम सुरू होणार नाहीत, एकामागून एक होतील. याला हात लावायचा नाही. प्लीज."

"आन जनरेटर?" शेठनी विचारलं.

"जनरेटरवर फक्त दिवे, पंखे आणि माईक. एसी त्याला झेपणार नाहीत."

तात्या तंबाखू मळत होता. अनीश जिना उतरल्यावर म्हणाला, "हे पोरगं शेती करायला लागलं तर हप्त्यात ऊस वाळवील."

शेठ खो खो हसले, तात्या पण हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे दोघं एकत्र हसले म्हणजे काहीतरी वाईट होणार.

उन्हाळा लागला, लग्नं सुरू झाली. आता आमच्याकडचं लग्न म्हणजे अर्धी सभा असते. नवरानवरी बोहल्यावर उभी, अक्षता लोकांच्या मुठीत भिजून चिकट झालेल्या, आणि माईकवर पुढाऱ्यांचे सत्कार. चेअरमन आले, व्हाईस चेअरमन आले, माजी आले, भावी आले. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द कधी दोन नसतात. अशाच एका लग्नात लाईट गेली. जनरेटरवर माईक चालू राहिला, म्हणजे भाषण चालूच, फक्त गारवा गेला! लाईट लगेच आली पण एसी पाच मिनिटं थांबला, अनीशने सांगितल्याप्रमाणे. लोक पत्रिकांनी वारा घेऊ लागले. परत लाईट गेली, परत आली, परत थांबा. नवरीचा मामा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "शेठ, एसी हाय का नुसत्या जाळ्या लावल्यात?"

लोक हसले. शेठचं तोंड असं झालं जणू कुणी त्यांना परत भाऊ म्हणालं.

"तात्या," त्यांनी हाक मारली. बस, एवढंच. पुढचं काही बोलावं लागलं नाही. तात्या जिन्याकडे निघाला.

वर छबूबाई गच्चीवरच्या टाकीजवळ फडकी पिळत होती. तिनेच मला नंतर सांगितलं. तात्याने पॅनल उघडलं, वायर दातात धरली, तेव्हा ती म्हणाली, "तात्या, ते चष्मेवालं पोरगं हात लावू नका म्हनून गेलंय ना?"

"छबूबाई, तू फडकं मार."

"मी मारते फडकं. पर माज्या पूजीच्या लग्नाला तरी टिकू द्या म्हंजी झालं."

"पूजीच्या लग्नाला तर असा गारठा पाडतो, नवरदेव स्वेटर मागंल," तात्या म्हणाला, आणि वायर टाकली. झाली डायरेक्ट.

त्यानंतर लाईट आली की एसी लगेच. धडधड करून चारही एकदम. जाळ्यांमधून हवा आली की लोक वर बघून "वाऽऽ" करायचे. पुढची तीन-चार लग्नं तात्या हॉलमध्ये असा फिरत होता जणू हवा त्याच्याच तोंडातून येतेय. शेठ पाहुण्यांना सांगायचे, "कंपनीचा इंजिनिअर काय करंल ते आमचा तात्या करतो." मुक्ताकाकू, म्हणजे तात्याची बायको, तिने एकदा विचारलं, "अहो, पन त्यानं जळनार न्हाई ना काही?" तर तात्या म्हणाला, "जळलं तर भरू." मोटर भरतात तसं! एसीचा कॉम्प्रेसर लोखंडात सीलबंद असतो, तो काय भरणार हा, कपाळ?

मग निकिताच्या बहिणीचं लग्न आलं. निकिता माझी वर्गातली मैत्रीण, म्हणून मी पहिल्यापासून होते. दुपारची वेळ, रणरण ऊन, हॉल खचाखच. लग्न लागलं आणि पंगत बसली. आमरस वाढायला घेतला. आणि लाईटचं नाटक सुरू झालं. गेली, आली. गेली, आली. दरवेळी वर गच्चीवर धडाम, धडाम. मग जी आली ती अर्धीच आली. एका बाजूचे दिवे लख्ख, दुसऱ्या बाजूचे लालसर, मेल्यासारखे. लहान पोराला पण कळेल की एक फेज गेलाय. पण एसी काही बंद होईनात, बंद कोण करणार, डबीला तर गप्प बसवलेलं! नुसते घुरघुर, घुरघुर करत राहिले, बैल चिखलात रुतल्यावर श्वास सोडतो तसे.

आणि मग तो वास.

आधी वाटलं स्वयंपाकघरात काही करपलं. मग जाळ्यांतून पिवळट धूर खाली आला, हळूहळू, अगदी आरामात, पानांवर. लोकांनी हातातली पुरी तशीच धरली. निकिताच्या आजोबांना उलटी झाली, पंगतीतच, रसाच्या वाटीशेजारी. त्यांना बघून दोन पोरांना झाली. बाया पदर नाकाला लावून दाराकडे पळाल्या, कुणाची चप्पल कुणाच्या पायात, नवरी शालू वर धरून पायरीवर रडतेय, आणि माईकवाला येडा सांगतोय, "कुणीही घाबरून जाऊ नये, भोजनाचा आस्वाद घ्यावा."

कुणाला लागलं-बिगलं नाही, देवाची कृपा. पण किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आणि ती सगळी वासाची नव्हती.

कारण तात्याने माझा दंड धरला आणि मला गच्चीवर नेलं. "बॅटरी धर," म्हणाला. मी पॅनलच्या आतल्या अंधारात मोबाईलची बॅटरी धरली, मला वाटलं हा आता मशिन वाचवणार. खाली लोक ओकतायत आणि हा माणूस घाईघाईने स्क्रू सोडवून आपली वायर काढत होता. काढली, गुंडाळली, पँटच्या खिशात कोंबली, रिलेच्या वायरी पहिल्यासारख्या जोडल्या आणि पॅनलचं दार लावलं.

"तात्या, हे काय करताय?"

"कुठं काय? चल खाली."

खाली अंगणात निकिताचे वडील शेठच्या अंगावर धावून गेले होते. "माझ्या पोरीच्या लग्नात लोकं ओकली, शेठ! तोंड दाखवायला जागा ठेवली नाही!" सगळे गोळा. शेठनी एकदा तात्याकडे बघितलं. तात्याने मान हलवली, इतकीशी, म्हणजे काढली वायर. आणि शेठनी बोट उचललं आणि छबूबाईकडे केलं.

"ही! ही बाई ओल्या फडक्यानं पॅनल पुसती. कितीदा सांगितलं. पानी गेलं आतमधी, दुसरं काय!"

छबूबाई हातात बादली घेऊन उभी होती. लोकांची ओकारी भरायला निघाली होती ती! दुसरं कुणी निघालं होतं का? तिने बादली खाली ठेवली.

"मी बाहेरून पुसते शेठ. आत कवाच हात घातला न्हाई."

"मग काय भुतानं केलं?"

मला राहवलं नाही. मी ओरडले, "शेठ, वायर तात्याने टाकली होती! आत्ता काढली त्यांनी, माझ्यासमोर, खिशात आहे!"

सगळे तात्याच्या खिशाकडे बघायला लागले. आणि तात्या हसला. खरंच हसला. माझ्या डोक्यावर टपली मारून लोकांना म्हणाला, "पोरीला काय कळतंय लाईटमधलं. कामर्सला हाय ती."

लोक पण हसले! शर्टावर उलटीचे डाग घेऊन हसले!

छबूबाई नाही हसली. ती तात्यासमोर येऊन उभी राहिली. "तात्या, मी तितंच हुते. तुमी सांगा. पान्यानं झालं का?"

आता बघा, इथे या माणसाला एक शब्द बोलायचा होता. एकच. तिच्या पूजाचं लग्न त्या शब्दावर होतं आणि हे त्याला माहीत होतं, स्वेटरचा जोक त्यानेच केला होता. तात्याने वर बघितलं, गच्चीकडे, जणू तिथे काही लिहिलंय.

"पान्यानंबी हुतं," म्हणाला. "कधी कधी."

शेठ लगेच म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको. आन ती बुधवारची तारीख विसरून जा."

छबूबाईने बादली उचलली. आत गेली. मला वाटलं फेकून निघून जाईल, मी असते तर शेठच्या डोक्यावर ओतली असती. तिने सगळी घाण साफ केली, फरशी पुसली, फडकं धुऊन वाळत घातलं आणि मग गेली. ते बघून मला जास्त रडू आलं.

घरी जाताना मी तात्याच्या गाडीवर बसायला नको होतं, पण दुसरी सोय नव्हती.

"खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोललो? पान्यानं हुतंच की."

"तात्या!"

"आगं, शेठनं मला दारात हुबं केलं नसतं. सगळ्या शिवारात नाव खराब झालं असतं. डायरेक्ट तात्यानं एसी जाळला. लोक काय म्हनतील?"

"आणि पूजाचं लग्न?"

"लगीन काय एसीनं लागतं का? अक्षतांनी लागतं. हुईल कुठंतरी."

मी चालत्या गाडीवरून उतरायला बघितलं, त्याने वेग वाढवला. अशा माणसाच्या मागे बसून त्याच्या शर्टाला धरायला लागतं, यासारखी घाण भावना नाही.

घरी मी मुक्ताकाकूला सगळं सांगितलं, रडत, ओरडत. काकू भाकरी थापत होती. थापतच राहिली. तात्या जेवायला बसला तेव्हा तिने ताट ठेवलं आणि म्हणाली, "पूजीच्या हळदीला मी जानार हाय. लग्नालाबी जानार हाय. तुमी कोनत्या तोंडानं येनार, ते आत्ताच ठरवा."

तात्या म्हणाला, "भाकरी दे."

दोन-तीन दिवसांनी अनीश आला. मी मुद्दाम गेले. त्याने चारही मशिनं उघडली, मग पॅनलमध्ये बघितलं. रिलेच्या स्क्रूखाली प्लास्टिकचा एक बारका तुकडा अडकला होता, घाईत राहिलेला. त्याने चिमट्याने काढला आणि उजेडात धरला. त्यावर दातांचे ठसे होते. खरंच, दाढेचे.

"पाण्याने चारही कॉम्प्रेसर नाही जळत," अनीश म्हणाला. "आणि पाण्याला दात नसतात."

शेठ खोकले. तात्या खाली बघत होता. मला वाटलं, आता! आता छबूबाईला बोलावणं जाणार. शेठ म्हणाले, "बरं बरं, झालं ते झालं. नवी मशिनं कधी बसतील तेवढं बोला." मी विचारलं, छबूबाईचं काय? तर म्हणाले, "बोलवू की कामावर. बोलवू. पर ती तारीख आता न्हाई, ती चेअरमनच्या पुतन्याच्या साखरपुड्याला दिली."

दिली! म्हणजे खरं सगळ्यांना कळलं, आणि काहीच झालं नाही. खरं कळल्यावर काहीतरी होतं असं मला वाटायचं.

मी धावत छबूबाईकडे गेले. "दातांचे ठसे सापडले, तात्याचे!"

ती हरभऱ्याची डाळ निवडत होती. "मला काय सांगतीस पोरी? मी तितंच हुते न्हवं का. मला ठसे कशाला पायजेत? मला त्या चार लोकांम्होरं एक शब्द पायजे हुता. कर्जतच्या लोकांना आता सांगितलं, हॉल न्हाई, दारात मांडव हाय. तर यीनबाई, पूजीची सासू, म्हनली, का वो, हॉलचं काय झालं, तुमीच जाळला म्हनं? राहुरीपासनं कर्जतपत्तर गेली ही बातमी."

मी हे घरी सांगितलं. काकूने चूल विझवली. शब्दशः, पाणी ओतलं. "जोवर तुमी जाऊन बोलत न्हाई तोवर ह्या घरात भाकरी न्हाई," म्हणाली. तात्या एक दिवस वडापाव खाऊन राहिला, मग दुसऱ्या दिवशी हॉलवर गेला. नवी मशिनं उतरवायला माणसं आलेली, आचारी होते, माईकवाला होता. तात्या सगळ्यांसमोर म्हणाला, "वायर मी टाकल्ती. छबूबाईचा काही संबंध न्हाई." मी स्वतः ऐकलं. आवाज असा की दुकानात उधारी मागतोय.

शेठ म्हणाले, "तुला कोन विचारतंय? गप ऱ्हा."

माईकवाला म्हणाला, "तात्या, ही साईड जरा वर धरा." कुणीतरी मशिनची दोरी तात्याच्या हातात दिली. त्याने धरली. संपलं. तो शब्द, जो एवढा महागडा होता, तो असा पडला, कुणाच्या कानात गेलासुद्धा नाही. ज्या दिवशी बोलायचा होता त्या दिवशी त्याची किंमत होती. नंतर नुसतं तोंड धुणं.

बुधवारी पूजाचं लग्न दारातच झालं. कापडी मांडव, चार भाड्याचे कूलर, कर्जतची वऱ्हाडी मंडळी घामाने थबथबलेली. यीनबाई पदराने वारा घेत दर दोन वाक्यांमागे "हॉल असता तर" म्हणत होती. लाईटचं काम गोरक्ष मांडववाल्याकडे होतं.

आणि तात्या आला. खांद्यावर वायरचं बंडल, खिशात टेस्टर, इस्त्रीचा शर्ट. जसं काही झालंच नाही. "छबूबाई, लाईटिंग आपल्याकडून. एक पैसा न्हाई. मीटरपासून डायरेक्ट..."

"तात्या," छबूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "वायर तितं ठेवा. कोपऱ्यात. आज माज्या दारात तुमी बटनालाबी हात लावायचा न्हाई. पंगतीला बसा. पोटभर जेवा."

तात्याने बंडल कोपऱ्यात ठेवलं. कुणी शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती. जेव म्हटल्यावर काय करणार?

अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि व्होल्टेज पडलं. कूलर मंदावले, पाती मोजता येतील एवढे. गोरक्षने चारही कूलर बंद केले आणि खुर्चीवर बसून राहिला. "व्होल्टेज येऊ द्या," म्हणाला, "मोटरी जळतील." नवरदेवाचा काका ओरडला. पूजाचा मेकप खरंच ओघळायला लागला, कानाजवळ काळी रेघ. माणसं माना वळवून बघायला लागली, आमच्या गावची माणसं, सवयीने.

"ओ तात्या! बसलात काय? बघा की जरा!"

तात्याचा हात भातात होता. तो अर्धा उठला. खरंच उठला, गुडघ्यावर आला, नजर त्या कोपऱ्यातल्या बंडलाकडे. छबूबाई भाजीची बादली घेऊन वाढत येत होती. ती त्याच्या पानासमोर थांबली.

"तात्या जेवतायत," ती सगळ्यांना म्हणाली. "त्यांना उठवू नका."

तो खाली बसला. सगळा मांडव घामाघूम, पण परत कुणी तात्याला हाक मारली नाही. यीनबाईचं पण तोंड बंद झालं, तिला काय समजलं कुणास ठाऊक. गोरक्ष घड्याळ न बघता बसला होता. लाईट नीट व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

मी तात्याच्या समोरच्या रांगेत होते. मला वाटलं आता हा रडेल. मला तसं हवं होतं, खरं सांगते, मी वाट बघत होते. त्याने भात संपवला, बोटं चाटली, आणि वाढप्याकडे बघून म्हणाला, "बुंदी आन रे थोडी."